जुन्या रहाटाचे, पाण्याच्या चाकांचे अमूर्त फोटो काढायचेत पण सगळे नुसते चाकाचेच फोटो वाटतात, काय करू?

माझे पहिले शंभरेक फोटो असेच होते बघा, मधोमध गोल चाक आणि मागं आभाळ, म्हणजे कॅलेंडरच.

मी निपाणीकडचा. नदीच्या धारेवर आपोआप फिरणारी ती अवाढव्य चाकं सिरियातल्या हमा गावात आहेत, त्यातलं मोठं २० मीटरच्या आसपास व्यासाचं, आपल्याकडं काय तर विहिरीवरचा बैलाचा लोखंडी रहाट नाहीतर मोटेचं लाकडी चाक, तेही मोटर आल्यापासून पडून. पण पडून असलेलंच बरं असतं, निवांत बघता येतं.

माझ्या मते कॅमेरा काढायच्या आधी ते चालायचं कसं हे कुणाला तरी विचारा. सासुरवाडीच्या मळ्यात मोटेचं चाक आहे, त्याला एकाच अंगाला खोल चर पडलाय, कारण बैल धावेवरनं, म्हणजे मोट ओढायच्या उतारावरनं, जरा तिरके उतरायचे आणि नाडा, म्हणजे मोटेचा दोर, कायम त्याच बाजूला घासायचा. मी फक्त तेवढा वीतभर तुकडा घेतला, सकाळी आठचं तिरपं ऊन, एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. खरबरीत लाकडात काळीशार गुळगुळीत वाट, चाक कुठंच नाही. लई खूश होऊन मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवला तर बघितल्या बघितल्या म्हणाले, "नाड्यानं खाल्लंय न्हवं हे, जावईबापू?" झालं माझं अमूर्त!

लोखंडी रहाटाकडं पाऊस पडून गेल्यावर जा, कोरडा गंज सगळा एकसारखा विटकरी दिसतो, ओला झाला की त्यात काळा, तांबडा, केशरी सगळं वेगवेगळं उठतं. पोलरायझर (लेन्सवरची चमक मारणारी काच) फिरवून ओली चमक कमी करता येते पण कधी कधी ती चमकच फोटो असते, दोन्ही काढा.

फिरतं चाक मिळालंच तर ट्रायपॉड लावा. फेरा १० सेकंदांचा असेल आणि शटर पाव सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात चाक ९ अंश सरकतं, काठाकडं आरे पुसट होतात आणि कण्याजवळ बऱ्यापैकी शाबूत राहतात, मला हे आवडतं. २ सेकंद ठेवलं की नुसता धूर. उजेडामुळं शटर १/३० सेकंदापेक्षा हळू ठेवता येत नसेल तर ३ स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावा, पाव सेकंद मिळतो.

आणि जुन्या विहिरींना कठडा नसतो, डोळा कॅमेऱ्याला लावून मागं सरकू नका, मी एकदा थारोळ्यात, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या हौदात, पाय घालून आपटलोय, लेन्सचं हूड गेलं.