ई-रुपया खरा पैसा आहे का?

हो भाऊ, खराच. ई-रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेनं काढलेला डिजिटल रुपया. १ डिसेंबर २०२२ पासून तिनं तो सामान्य लोकांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणला. नोटेइतकाच कायदेशीर, फक्त वॉलेटमधल्या, म्हणजे मोबाइलमधल्या डिजिटल पाकिटातल्या, रकमेवर व्याज नाही. कृषी केंद्रात स्कॅन करून बियाण्याचे पैसे देता ते यूपीआय, ते वेगळं. त्यात तुमच्या बँक खात्यातली रक्कम हलते.

बिटकॉइन हे खासगी आभासी नाणं मात्र आपल्याकडे चलन नाही. सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेते म्हणजे मान्यता दिली, असं समजून नवीन पोरं फसतात. 'महिन्यात दुप्पट' म्हणणाऱ्याला कापसाचा चुकारा अजिबात देऊ नका.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- ई-रुपयाचं वॉलेट बँकेच्या अधिकृत ॲपमध्येच उघडा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही.
- पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'चुकारा जमा करतो, पिन टाका' असं कोणी म्हटलं की फोन कापा.

आधी ई-रुपयाच्या वॉलेटमध्ये शंभर रुपये टाकून पाहा. जमेल तुम्हाला.