जुना पोलिओ, नवा थकवा

प्रश्न : दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. आता वय ५२. वर्षभरापासून धडधाकट डावा पायही जिन्यावर दगा देतो, दुपारपर्यंत अंग गळून जातं. पोलिओ उलटला का? व्यायाम वाढवू का?

उत्तर : पोलिओ उलटलेला नाही, तुमच्यापासून कुणाला लागणही होणार नाही. हा ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ असू शकतो. मूळ आजारानंतर साधारण १५ ते ४० वर्षांनी, कधी त्याहून उशिराही, तो डोकं वर काढतो. पोलिओत मेलेल्या चेतापेशींचं काम उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अंगावर घेतात. वर्षानुवर्षं जादा भार वाहून ते फाटे झडू लागतात. ‘धडधाकट’ पायही अनेकदा पोलिओतून पूर्ण सुटलेला नसतोच.

याचं निदान एका चाचणीत होत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, मणक्यात दबलेली नस ही कारणं आधी वगळावी लागतात. ईएमजीत (स्नायूंतले विद्युत संकेत मोजणाऱ्या चाचणीत) जुन्या पोलिओच्या खुणा दिसतात.

व्यायाम जिद्दीने वाढवू नका. लहानपणी ‘जोर लाव’ असं शिकवलेलं असतं, तेच आता नडतं. दमण्याआधी थांबा. दुसऱ्या दिवशीही स्नायू दुखले, तर व्यायाम जास्त झाला समजा. काठी घ्यायला लाजू नका; ती जास्त कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरा.

सकाळी डोकं जड, दिवसा पेंग येत असेल तर श्वसनाची तपासणी लवकर करा. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना पोलिओबद्दल आवर्जून सांगा : गुंगीची व स्नायू शिथिल करणारी औषधं अशा रुग्णांवर जास्त काळ टिकू शकतात.