एका पायात ५० टक्के दिव्यांगत्व आहे. मुंबईत डॉक्टर होता येईल का?

नक्की होता येईल, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्याच. जोगेश्वरीच्या रोशन शेख यांनी २००८ मध्ये लोकलच्या अपघातात दोन्ही पाय गमावले. प्रवेश नाकारला गेला तेव्हा त्या उच्च न्यायालयात लढल्या, केईएमच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाल्या आणि पुढे पॅथॉलॉजीत एमडी! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी-अनुदानित संस्थांत ४० टक्के वा जास्त दिव्यांगत्वाला किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. नुसती टक्केवारी बघून बाद करता येत नाही, अभ्यासक्रम झेपेल का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून नकार मिळालाच तर लेखी कारण मागा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढून ठेवा. ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) आवडत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्थाही बघा.