गोळीने बरे वाटले, की बरे वाटले तेव्हा गोळी चालू होती?

प्रश्न : माझे वय 29 वर्षे आहे. दोन वर्षांपूर्वी मला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे भावना झपाट्याने उसळून नाती विस्कटत राहतात असा मानसिक विकार, असल्याचे निदान झाले. सुरुवातीला सोडियम व्हॅल्प्रोएट दिले होते, पण वजन वाढू लागले आणि केस गळू लागले म्हणून ते थांबवले. गेले नऊ महिने मी लॅमोट्रिजिन घेते आहे. सध्या रोज 150 मिलिग्रॅम. मला फरक जाणवतो. पूर्वी मैत्रिणीने संदेशाला उत्तर दिले नाही, तर अर्ध्या तासात मी तिच्याशी संबंध तोडून मोकळी व्हायचे. मागच्या महिन्यात तसाच प्रसंग आला. मी नको नको ते लिहिलेही, पण पाठवण्याच्या बटणापाशी अंगठा नेऊन थांबले आणि थोड्या वेळाने सगळे पुसून टाकले. माझा मोठा भाऊ मात्र म्हणतो की या विकारावर अशा गोळ्यांचा उपयोग होत नाही हे संशोधनात दिसले आहे, तेव्हा त्या बंद कर. माझा अनुभव खोटा आहे का? गोळी सोडून द्यावी का?

उत्तर : सर्वांत तातडीचे आधी सांगते. कोणाच्याही सांगण्यावरून ही गोळी एकदम बंद करू नका. लॅमोट्रिजिन हे मुळात अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, औषध आहे. ते अचानक थांबवल्यास झटका येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर ते किमान दोन आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवतात. दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. काही कारणाने पाच दिवसांहून अधिक खंड पडला, तर पुन्हा थेट 150 मिलिग्रॅमवर येता येत नाही; डॉक्टरांना विचारून पहिल्यासारखी अगदी कमी डोसापासूनच सुरुवात करावी लागते. डोस घाईने वाढवला तर अंगावर पुरळ उठण्याचा आणि क्वचित त्याचे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या जिवावर बेतणाऱ्या आजारात रूपांतर होण्याचा धोका वाढतो. तुमचा डोस सुरुवातीला इतका हळू का वाढवला, त्याचे कारणही हेच.

आता भावाच्या म्हणण्याविषयी. त्याने वाचले ते बरोबर आहे. ब्रिटनमध्ये या विकाराच्या 276 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या लोकांना लॅमोट्रिजिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याआधीच्या लहान लहान चाचण्यांनी मूड स्टॅबिलायझरविषयी, म्हणजे लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट, लिथियम अशा मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधांविषयी, बऱ्याच आशा निर्माण केल्या होत्या, त्या या चाचणीने मावळल्या. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर 2009 मध्येच, केवळ या विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत, असे सांगितले होते. अमेरिकेतही या विकारासाठी मान्यता मिळालेले एकही औषध नाही. त्या चाचणीत वर्षाअखेरीस गोळी घेत राहिलेले लोक निम्म्याहून कमी होते, हे मात्र भावाला अवश्य सांगा. म्हणून निष्कर्ष रद्द होत नाही, पण तो वाचताना हे ध्यानात असावे.

त्याच चाचणीतील आणखी एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते : लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांनाही वर्षभरात पुष्कळ बरे वाटू लागले होते. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, आणि तुमचाही नाही. बरे वाटले हे खरेच. ते कशामुळे वाटले, एवढाच प्रश्न उरतो. माणूस डॉक्टरांकडे बहुधा अगदी टोकाच्या दिवसांत येतो आणि ते दिवस तसेही ओसरणार असतात. नियमित भेटी सुरू होतात, कोणीतरी नीट ऐकून घेते, आपल्या त्रासाला नाव मिळते, आणि याच काळात गोळीही चालू असते. शिवाय हा विकार कायमचा चिकटतो ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला तेव्हा 93 टक्के लोकांची लक्षणे कधी ना कधी किमान सलग दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली गेलेली होती. नातेसंबंध आणि कामधंदा यांची घडीही नीट बसलेले लोक मात्र निम्मेच होते, आणि खरी मेहनत तिथेच लागते.

माझ्यासमोर बसून लोक या गोळ्यांविषयी जे सांगतात त्यात एकवाक्यता नसते. कोणी म्हणते की आतला आवाज थोडा खाली आला. कोणी म्हणते की रागाबरोबर आनंदही बोथट झाला. लिथियम घेणारे हाताची थरथर, सततची तहान आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या रक्ततपासण्या यांविषयीच अधिक बोलतात. दुसऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचा डोस ठरवता येत नाही तो यामुळेच. एक अपवाद मात्र मोठा आहे : ज्यांना या विकाराच्या जोडीला बायपोलर, म्हणजे अति उत्साह आणि नैराश्य यांचे दीर्घ टप्पे येणारा, आजारही असतो त्यांना मूड स्टॅबिलायझर खरोखरच लागतात. तुमच्या चढउतारांची कारणे नात्यांत असतील आणि ते काही तासांत ओसरत असतील, तर ते बॉर्डरलाइनशी जुळते. पण झोपेची गरजच वाटत नाही आणि उत्साह मावत नाही अशी अवस्था सलग अनेक दिवस टिकत असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता त्या अंगठ्याविषयी. तुमच्या पत्रातील ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. भावना उसळणे आणि कृती घडणे यांच्यामध्ये पूर्वी जागाच नव्हती, आता ती तयार झाली आहे. गोळीने ती दिली असेलही. पण त्या जागेत थांबलात तुम्ही, आणि लिहिलेले पुसलेही तुम्हीच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, अर्थात डीबीटी, नेमके हेच शिकवते : उसळी ओळखायची, थांबायचे, थोडे मागे सरायचे, आणि मगच काय करायचे ते ठरवायचे. तिची पहिली चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही अशाच यातनांतून गेलो होतो, हे लिनेहान यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितले. तुमच्या पत्रात मानसोपचाराचा, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा, कुठेच उल्लेख नाही. गोळी चालू ठेवावी की नाही यापेक्षा मला याचीच चिंता अधिक वाटते. डीबीटी जाणणारे कोणी मिळाले नाही, तर या विकारावर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञांकडे नियमित जायला लागा. पण सुरुवात करा.

तरीही गोळी उतरवून पाहायची असेल, तर घाई नको. आयुष्यात नोकरी, घर किंवा नाते बदलत नाही असा निवांत काळ निवडा. त्याआधी चार आठवडे एकच गोष्ट रोज वहीत मांडा : आज किती वेळा आवेगात काही पाठवले किंवा बोलले, आणि किती वेळा थांबता आले. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी करताना तीच नोंद चालू ठेवा आणि त्या काळात दुसरा कोणताही बदल करू नका. आकडे बिघडले तर गोळीचा उपयोग होत होता असे मानायला आधार मिळेल. तसेच राहिले, तर एक औषध कमी झाले.

व्हॅल्प्रोएट बंद झाले याचे मला समाधान वाटते. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे 100 पैकी 10 बाळांत जन्मजात व्यंग आणि 30 ते 40 मुलांत वाढीच्या अडचणी दिसतात, त्यामुळे तुमच्या वयात ते शक्यतो टाळतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

भावाला पुढच्या भेटीला सोबत न्या. तो विरोध करतो आहे तो काळजीपोटी, आणि त्या काळजीला करण्याजोगे काम दिले पाहिजे. स्वतःला इजा करण्याचे विचार अधूनमधून येत असतील, तर गोळ्यांचा साठा त्याच्याकडे राहू द्या आणि दर आठवड्याला सात दिवसांच्याच गोळ्या तुमच्याकडे असू द्या. विचार अनावर झालेच, तर मध्यरात्रीही आधी त्याला उठवा आणि दोघे मिळून जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.