डेंग्यूची कार्ड टेस्ट आधी निगेटिव्ह आणि चार दिवसांनी पॉझिटिव्ह कशी? पहिल्या लॅबने चूक केली का?

बहुतेक नाही. मुलाला ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही फक्त आयजीएम-आयजीजीचं कार्ड करून घेतलंत, असं लिहिलंय. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट मी सुई न टोचताही सांगितला असता.

हे कार्ड विषाणू शोधतच नाही. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं, ती शोधतं; आयजीएम आणि आयजीजी हे त्यांचेच दोन प्रकार. डेंग्यूत आयजीएम साधारण ताप आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडायला लागतं. त्याआधी रक्तात असतं विषाणूचं एनएस1 हे प्रथिन, आणि त्याची पट्टी वेगळी असते. म्हणजे सुरुवातीला एनएस1, पाच दिवस उलटले की आयजीएम. ताप कुठल्या तारखेला आला, हे फॉर्मवर लिहिलेलं क्वचितच दिसतं. लोक तारखेऐवजी ‘अर्जंट’ लिहितात!

पॉझिटिव्हलाही आंधळेपणाने धरू नका. आयजीएम रक्तात दोन-तीन महिने रेंगाळतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये झालेला डेंग्यू ऑक्टोबरच्या साध्या तापात कार्डावर उमटू शकतो. जपानी मेंदूज्वर, झिका हे याच कुळातले विषाणू, त्यांच्या प्रतिपिंडांनीही कार्ड फसतं. आणि डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर आयजीजी लवकर चढतं, आयजीएमची रेघ मात्र कधी पुसट येते, कधी येतच नाही.

पुसट रेघेवरून आठवलं. नवीन असताना मी एक कार्ड लावून चहाला गेलो. परत येईपर्यंत पाऊण तास झाला होता आणि ‘एम’समोर फिकट गुलाबी रेघ! रिपोर्ट टाइप करणार तोच आमच्या मॅडमनी कार्ड कचऱ्यात टाकलं. वाचायची वेळ किटवर लिहिलेली असते, बहुधा पंधरा-वीस मिनिटं. नंतर उमटलेली रेघ धरायची नाही. नवं कार्ड लावलं, ते निगेटिव्ह आलं. आणि कार्ड नीट चाललं हे दाखवणारी ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ उमटली नाही तर कार्डच बाद.

खात्री हवी असेल तर एलायझा, म्हणजे कार्डाऐवजी प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी रक्ताची चाचणी. ठरावीक सरकारी रुग्णालयांत ती होते, आयजीएमसाठी पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) बनवलेलं किट तिथे वापरतात. सरकारी हिशेबात नुसत्या कार्डावरचा डेंग्यू पक्का धरत नाहीत.

पण आज सहावा दिवस आहे, म्हणून कार्डापेक्षा मुलाकडे बघा. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाणही, बघायला डॉक्टरांना सांगा. तापाला ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. दाखवायला जाताना दोन्ही रिपोर्ट न्या आणि ताप आल्याची तारीख वर पेनाने लिहा.