वाचक विचारतात : मारवाडची माणसं, त्यांच्या तारखा

प्रश्न : मारवाडातल्या जुन्या कर्तबगार माणसांची चरित्रं लिहीत आहे. दरबारी दप्तरात एका ठाकुराचा (जहागीरदाराचा) मृत्यू विक्रम संवत १७५० च्या भाद्रपदात आहे आणि मुलाला पट्टा, म्हणजे जहागिरीची सनद, मिळाला तो १७५० च्याच वैशाखात. बाप हयात असतानाच पट्टा मुलाच्या नावे झाला, असं समजायचं का?

उत्तर : तशी घाई करू नका, दोन्ही नोंदी बरोबर असू शकतात. जोधपूरच्या, म्हणजे मारवाड दरबारच्या, दप्तरात साल चैत्रात नव्हे, श्रावणात बदलायचं. म्हणून त्या संवतात भाद्रपद आधी आला आणि वैशाख पुढच्या उन्हाळ्यात. मृत्यू १६९३ चा, पट्टा १६९४ चा. इसवी सन काढायला सरसकट ५७ वजा केले की हा घोळ ठरलेलाच. दप्तरी नोंद श्रावण ते डिसेंबरअखेरची असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते आषाढ ५६. चैत्री संवतात चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेर ५७, पुढे ५६. म्हणजे वाद उरतो तो चैत्र ते आषाढातल्या नोंदींचा. तिथे वार दिला असेल तर दोन्ही वर्षांचं पंचांग काढून ताडून पाहा. बहुधा एकच वर्ष जुळतं.

दुसरा खड्डा वद्य पक्षाचा. तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य, तिकडे भादवा (भाद्रपद) वदी. वदी म्हणजे वद्य, सुदी म्हणजे शुद्ध. वदीच्या प्रत्येक तिथीला आपला आधीचा महिना लावा, सुदीला हात लावू नका. खेजडीची झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी जोधपूरजवळच्या खेजडली गावात प्राण दिले, ती तिथी भादवा सुदी दशमी, संवत १७८७. भाद्रपद आणि तोही सुदी, म्हणून श्रावणी आणि चैत्री दोन्ही पद्धतींनी १७३० च येतं.

प्रश्न : देवळीवरची (स्मारकशिळेवरची) अक्षरं पुसट आहेत. खडू फिरवला तर चालेल?

उत्तर : अजिबात नको. वालुकाश्माच्या छिद्रांत खडू बसतो, निघत नाही, आणि घासून काढताना अक्षरांच्या कडाही जातात. तेलाने दगड काळवंडतो. सूर्य कलता असताना जा, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. उजेड डावीकडून, उजवीकडून आणि वरून टाकून वेगवेगळे फोटो घ्या. एकाच बाजूच्या उजेडात त्या दिशेला समांतर गेलेली रेघ हरवते, आणि आकडा चुकीचा वाचला जातो तो नेमका तिथेच.