घड एप्रिलच्या काडीत ठरतो

विश्रामबाग, सांगली

बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जर्मनीत केमिस्ट्रीचं मास्टर्स करते आहेस, आणि चार पानं ‘केमिस्ट्री सोडू का’ यावर, आणि प्रबंधाची नोंदणी कधी आहे, ते एका ओळीतही नाही. मला काळजी त्याची वाटते. डेटाच्या कामाकडे मन ओढतंय ना, मग जा. पण कधी वळायचं, याबाबत मी हटून बसणार आहे: शिकत असतानाच.

तासगावच्या द्राक्षबागेत वाढलीस तू. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसतो, पण तो ठरलेला असतो एप्रिलच्या खरडछाटणीनंतर, काडी तयार होताना. तेव्हा ढगाळ राहिलं, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, ऊन मिळालं नाही, की ऑक्टोबरात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता वेलतंतू, फुटते. मग कितीही फवारण्या करा. तुझं तिसरं सेमिस्टर म्हणजे ही एप्रिलची काडी आहे.

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात आणि तेवढ्या काळात कोणतंही काम करता येतं. मुलं या 18 महिन्यांवर विसंबतात. पण विद्यापीठातून नाव कमी झालं, की वर्कस्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायची, नोकरी जाते आणि विद्यार्थ्यांचा स्वस्त आरोग्य विमाही जातो. कंपनीत शिरायचं जे दार तुला आज उघडं आहे, ते पदवीच्या दिवशी बंद होतं. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. आत्ताच्या हॉटेलातल्या कामात पैसे सुटतात, हे मान्य. तरी ते सोड आणि औषध किंवा रसायन कंपनीच्या गुणवत्ता विभागात, जिथे मोजमापांचे तक्ते रोज हाताळावे लागतात, तिथे अर्ज कर. तुझी केमिस्ट्री तिथे तुझी जमेची बाजू आहे. निव्वळ संगणक शिकलेल्याला क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचता येत नाही, तुला येतो.

आता प्रबंध. 120 पैकी 30 क्रेडिट त्यात आहेत, म्हणजे अख्खं सेमिस्टर. सहा महिने फक्त संश्लेषणात घालवलेस, तर दाखवायला डेटाचं काही राहणार नाही. स्पेक्ट्रोस्कोपीची मोजमापं पायथनमध्ये साफ करून त्यातून निष्कर्ष काढायचा विषय प्राध्यापकांकडे माग. कंपनीत प्रबंध करायचा असेल, तर विद्यापीठातला मार्गदर्शक आणि परीक्षा विभागाची संमती आधी लागते. तीन-चार महिने अगोदर विचारायला लाग. आणि सही करण्यापूर्वी गोपनीयतेचं कलम वाच! प्रबंधच कुलूपबंद झाला, तर पुढच्या मुलाखतीत दाखवणार काय? त्याच पद्धतीचा एक छोटा प्रकल्प खुल्या माहितीवर स्वतंत्र करून ठेव.

विषय बदलला तर कामाचा परवाना मिळणार नाही, असं अमेरिकेतल्या मैत्रिणीचं ऐकून घाबरली आहेस, ते विनाकारण. तिच्या ओपीटीत, म्हणजे पदवीनंतर तिथे मिळणाऱ्या कामाच्या परवानगीत, काम पदवीच्या विषयाशी जुळावंच लागतं आणि पहिल्या वर्षात 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. जर्मनीत नोव्हेंबर 2023 पासून, वैद्यकीसारखे नियंत्रित पेशे सोडले तर, कुशल कामाच्या परवान्यासाठी विषय जुळायची सक्ती उरलेली नाही. ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या खास परवान्याला, मात्र काम पदवीला साजेसं हवं. नव्या पदवीधरांसाठी 2026 ची किमान पगाराची अट वर्षाला 45,934 युरोच्या आसपास आहे. आकडे दरवर्षी बदलतात, अर्जाच्या वेळी पुन्हा बघ.

जर्मन भाषा बी1 पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, प्रबंधाआधी पोचव. प्रबंध सुरू झाल्यावर ते होत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न. ‘मन रमत नाही’ असं सांगशील तर ते खचतील. त्यांना हिशेब सांग. 30 लाखांचं कर्ज, 10 टक्के साधं व्याज, शिक्षणाची दोन वर्षं आणि हप्ता सुरू होण्याआधीचं वरचं एक, की 39 लाख होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 51,500 रुपये. हा हप्ता कोणत्या नोकरीतून, कोणत्या महिन्यापासून जाईल, ते लिहून दाखव. बागेचा जमाखर्च ते याच पद्धतीने मांडतात.

मी कठोर वाटेन. पण आजवर मुलांना ‘आधी पदवी पूर्ण कर, मग बघू’ असं सांगत आलो, त्याची मला खंत आहे. तेव्हा ते शहाणपणाचं वाटे. नियम आणि मुदती मी वाचल्या नव्हत्या, म्हणून तसं वाटे. तुला तो सल्ला देणार नाही.

उलट टपाली तीन तारखा कळव: प्रबंध नोंदणीची, कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याची आणि बी1 परीक्षेची.

तुझे,
सर